गायधनी सरांची ॲडमिशन

गायधनी सर कुणाच्याही घरी गेले की आधी माणसांकडे बघत नसत, मीटर कुठे आहे ते बघत. मीटर सापडला की मेन स्विच, मेन स्विच सापडला की अर्थिंगची तार, आणि हे सगळं मनासारखं असलं तरच घरातल्यांकडे वळून, "काय, बरं हाय ना?" असं विचारत. माझ्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा माझे सासरे दारात हात जोडून उभे होते आणि सर त्यांना वळसा घालून भिंतीकडे गेले. ते गेल्यावर सासऱ्यांनी मला विचारलं, "रीडिंग घ्यायला हल्ली चहा पिऊन जातात का?"

नाशिकरोडहून एकलहऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला एका खासगी आयटीआयमध्ये सर वीजतंत्रीचा ट्रेड शिकवत, म्हणजे इलेक्ट्रिशियन घडवत. मी तिथे तासिका तत्त्वावर 'एम्प्लॉयेबिलिटी स्किल' शिकवत होते. नोकरी कशी मिळवावी आणि मिळाल्यावर कशी टिकवावी, हा विषय. स्वतःची नोकरी दर जूनला नव्याने मिळवणाऱ्या बाईला तो का दिला, हे मी संस्थेला कधी विचारलं नाही. मुलं मला स्किल मॅडम म्हणत आणि माझ्या तासाला गायधनी सरांच्या जर्नलच्या आकृत्या काढत.

सर बुटके होते, खाकी कपड्यांत असत आणि त्यांच्या अंगावर धातू म्हणून नव्हता. घड्याळ नाही, अंगठी नाही, कमरेला पट्ट्याऐवजी सुती नाडा. लग्नातली अंगठी त्यांनी लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी बायकोच्या हवाली केली होती. चेन धातूची असते म्हणून पँटही बटणांची शिवून घेत, आणि नाशिकरोडला अशी पँट शिवणारा शेवटचा शिंपी म्हातारा होत चालला आहे याची त्यांना खरोखरीची काळजी होती. कुठल्याही वस्तूला हात लावायचा तर आधी पालथा हात लावत. करंट लागला तर मूठ आवळली जाते, तळव्याने धरलेली तार मग सुटत नाही. पालथा हात झटक्यासरशी मागे येतो. हे शास्त्र ठीकच होतं. पण सर नळाला, गोठ्यातल्या म्हशीला, प्राचार्यांच्या केबिनच्या दाराला, सगळ्यालाच पालथा हात लावत. आमच्या क्लार्कच्या मुलाच्या बारशाला आले तेव्हा पाळण्यातल्या बाळालाही आधी पालथा हात लावून मगच त्यांनी त्याला उचललं. बाळाच्या आजीला ते फार आवडलं. तिला वाटलं, ही काहीतरी दृष्ट काढायची पद्धत आहे.

वर्कशॉपच्या मागच्या खिडकीतून एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसत. नवी बॅच आली की सर तिकडे बोट दाखवत. "वीज तिथं तयार होते, इथं चावते. मधी काय होतं ते दोन वर्षात सांगतो." एवढंच त्यांचं उद्घाटनाचं भाषण असे.

आणि त्यांचा एक नियम होता. ज्याचा हात तारेवर, त्याच्या खिशात फ्यूज. काम सुरू करण्याआधी मेन बोर्डावरचा चिनी मातीचा फ्यूज उपसायचा आणि स्वतःच्या खिशात टाकायचा, म्हणजे आपण तारेला हात लावलेला असताना दुसरं कुणी लाइन चालू करूच शकणार नाही. जुन्या वायरमन लोकांची ही रीत आहे आणि ती चांगली आहे. तिच्यात अडचण एवढीच, की काम झाल्यावर फ्यूज परत बसवावा लागतो. सर काम संपवून हात धुवून बसने गावी निघून जात, आणि फ्यूज त्यांच्याबरोबर जाई. स्टाफरूमचा पंखा दुरुस्त केला त्या शनिवारपासून सोमवारपर्यंत आम्ही अंधारात होतो. सरांच्या गावच्या घरी एका फळीवर असे फ्यूज मांडून ठेवलेले होते, प्रत्येकाखाली चिठ्ठी: 'पोस्टाजवळची पिठाची गिरणी', 'मारुती मंदिर', 'साळूबाई'.

भाचीच्या लग्नात तर कहर झाला. गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर गोरज मुहूर्ताचं लग्न होतं, आम्ही सगळा स्टाफ गेलो होतो. सर मुलीचे मामा. मुलीला बोहल्यावर आणायचं काम त्यांचं. फेटा बांधून ते निघाले आणि वाटेत त्यांना दिसलं, की डेकोरेशनवाला शिडीवर चढून चालू लाइनीवर माळा जोडतोय. सरांनी भाचीला तिथेच उभं केलं, मेन बोर्डाकडे जाऊन फ्यूज उपसला आणि कोटाच्या खिशात टाकला. जनरेटरची किल्ली दुसऱ्या खिशात. लॉन्सभर अंधार.

आता डेकोरेशनवाल्याने काय करावं? लाइट का गेली ते बघायला तो आणखी वर चढला.

"भाऊ, फ्यूज दे ना!" सरांची बहीण रडकुंडीला आली होती.

"आधी त्याला खाली उतरव."

"अरे, तो लाइट का गेली ते बघायलाच चढलाय!"

"चढलाय ना? मग कसा देऊ?"

यातून वाट नव्हती. लाइट येत नाही तोवर तो उतरेना आणि तो उतरत नाही तोवर लाइट येईना. गुरुजींनी माइकशिवाय मंगलाष्टका म्हटल्या. पुढच्या चार रांगांना ऐकू गेलं तेवढं गेलं. मागे बसलेल्यांनी टाळ्यांच्या अंदाजाने तीन वेगवेगळ्या वेळी अक्षता टाकल्या, त्यातल्या एका खेपेला नवरदेव आधीच्या अक्षता नाकात गेल्याने अजून शिंकत होता. शेवटी डेकोरेशनवाला उतरला तो भूक लागली म्हणून. सरांनी त्याला पंगतीत गाठून, "उतरला का? पुरता उतरला का?" असं दोनदा विचारलं, आणि मग फ्यूज बसवला. बहीण पुढे वर्षभर त्यांच्याशी बोलली नाही. सरांना त्याचं वाईट वाटे, पण चूक केली असं वाटत नसे.

तर असं सगळं चाललेलं असताना वरून पत्र आलं. आयटीआयमध्ये शिकवणाऱ्याकडे शिकवण्याचं प्रमाणपत्र हवं. नसेल त्याला पुढच्या सत्रापासून वर्गावर उभं राहता येणार नाही. सरांकडे तारतंत्री, म्हणजे वायरमन ट्रेडचं जुनं सर्टिफिकेट होतं आणि सव्वीस वर्षांचा अनुभव होता, पण असं प्रमाणपत्र नव्हतं. मला वाटलं, चिडतील. ते पत्र दोनदा वाचून म्हणाले, "बरोबर हाय. तपासल्याबिगर मानायचं नाय. मला शिकवता येतंय का, हे आजवर कुणी तपासलंच कुठं?"

परीक्षेत एक आदर्श पाठ घ्यायचा होता, आणि त्याची तयारी करून घ्यायचं काम प्राचार्यांनी माझ्यावर सोपवलं. पाठाच्या नियोजनाचा एक छापील तक्ता असतो. उजळणी, प्रस्तावना, प्रेरणा, सादरीकरण, सारांश. बाकीचं सरांनी पटकन उचललं. 'प्रेरणा'पाशी गाडी अडली.

"इथं काय करायचं?"

"विद्यार्थ्यांच्या मनात विषयाबद्दल उत्सुकता निर्माण करायची."

"मॅडम, चारशे चाळीस व्होल्ट हाय. उत्सुक झालं तर मरंल की पोरगं."

"सर, दोन मार्क आहेत त्याला."

मग त्यांनी मला रामदासची गोष्ट सांगितली. दोघांनी एकत्र ट्रेड केला होता, एकत्र कंत्राटदाराकडे लागले होते. पेठच्या रस्त्याला एका खांबावर रामदास चढलेला, सर खाली तारेचं भेंडोळं सोडत होते. पलीकडे ट्रान्सफॉर्मरपाशी उभ्या असलेल्या माणसाने लाइन चालू केली. "वाईट माणूस नव्हता तो. त्याला वाटलं, काम झालं असंल. विचारलं नाय." सर टेबलावरच्या खडूकडे बघत बोलत होते. "माझ्या हाताखालून गेलेलं एकबी पोरगं अजून मेलं नाय, मॅडम. सव्वीस वर्षं. दुसरं काय कमावलं नाय मी. आता हे म्हणत्यात, नवा माणूस येईल. येऊ दे. पण तो पोरांना बघंल का?"

मी म्हटलं, "सर, हीच प्रेरणा. हेच सांगा."

"हॅट! मेलेल्या माणसाच्या नावावर दोन मार्क घेऊ?"

परीक्षेच्या दिवशी चिठ्ठी काढून पाठाचा विषय मिळायचा. दैव बघा, सरांना विषय आला 'फ्यूज'. मी बाहेर बाकावर बसले होते, मला हायसं वाटलं. सरांनी आत नमस्कार केला, उजळणी केली, प्रस्तावना केली, आणि म्हणाले, "आता प्रत्यक्ष दाखवतो." ते बाहेर आले, माझ्यासमोरून मेन बोर्डाकडे गेले, आणि फ्यूज हातात घेऊन परत आत गेले. वर्गातला प्रोजेक्टर गेला, पाठाचं चित्रीकरण करणारा कॅमेरा गेला, आणि शेजारच्या खोलीत संगणकावर पेपर देणाऱ्या सगळ्या उमेदवारांचे पडदे एकदम काळे झाले. तिथून आलेला आवाज मला अजून आठवतो. परीक्षक धावत बोर्डाकडे निघाले तर सर त्यांच्या आडवे. "साहेब, हात लावायचा नाय. पाठ चालू हाय. फ्यूज माझ्याकडं हाय, म्हंजी काम माझं हाय." आणि खिडकीतून येणाऱ्या अंधूक उजेडात त्यांनी सादरीकरण आणि सारांश पूर्ण केला, एकही पायरी न गाळता.

गुणपत्रकात 'विषयाचे ज्ञान' या रकान्यात पैकीच्या पैकी होते. 'प्रेरणा' शून्य. दोन मार्कांनी नापास.

मला रडू आलं. खरंच आलं. हा विषय मी शिकवते, आणि मला एका माणसाची नोकरी टिकवता आली नाही. सर मात्र गुणपत्रक घडी घालून खिशात ठेवत म्हणाले, "मॅडम, वर्गावर उभं राहायचं नाय, असंच लिहिलंय ना? बसायचं नाय असं कुठं हाय?"

मला वाटलं, धक्क्याने बडबडताहेत. पण जुलैत सरांनी खरंच प्रवेश अर्ज भरला. तारतंत्री आधी झालेलं होतं, वीजतंत्री नव्हतं. म्हणजे सव्वीस वर्षं जो ट्रेड शिकवला त्याला त्यांनी विद्यार्थी म्हणून अर्ज केला. वरची वयोमर्यादा नव्हती, दहावी पास होते, जागा रिकामी होती. नियमात कुठेच आडकाठी सापडेना. गावी भाजीपाल्याची शेती सरांचा मुलगा बघत होता, घरची चिंता नव्हती. अर्ज फक्त एका ठिकाणी अडला. पालकांची सही.

सरांचे वडील, दादा, पंच्याऐंशीच्या पुढचे. मी आणि क्लार्क अर्ज घेऊन गावी गेलो. दादांनी चष्मा लावला, अर्ज वाचला आणि वांग्यांची पाटी उचलणाऱ्या चौपन्न वर्षांच्या मुलाकडे पाहिलं.

"नापास झाला काय रं?"

"हो, दादा."

"किती मार्कानं?"

"दोन."

"तरी तुला सांगत होतो, त्या मशिनी उघडत बसू नको, आभ्यास कर." सही करून त्यांनी कागद माझ्या हातात दिला. "मॅडम, जरा लक्ष ठेवा. पोरगं वाईट नाय, संगत वाईट."

सरांच्या जागी शिकवायला आली वैशाली भोये. पेठकडच्या पाड्यावरची, सरांचीच जुनी विद्यार्थिनी, आणि शिकवण्याचं प्रमाणपत्र तिने पहिल्या झटक्यात मिळवलं होतं. आपण कुणाच्या जागी आलोय हे तिला ठाऊक होतं. कुणाला शिकवायचंय हे हजेरीपट उघडल्यावर कळलं. रोल नंबर वीस, गायधनी. पहिले चार दिवस तिने एकोणीसपर्यंत नावं घेतली आणि विसाव्याला नुसतीच खूण करून पट मिटला. पाचव्या दिवशी सर शेवटच्या बाकावरून उठून उभे राहिले.

"मॅडम, माझी हजेरी घेतली नाय."

"सर, तुम्ही दिसताय की समोर."

"दिसतोय म्हंजी हाय, असं कुणी शिकवलं तुम्हाला?"

"तुम्ही नाही, सर," वैशाली रडवेली होऊन म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने डोळे मिटून "वीस" म्हटलं, आणि सर "हजर!" असे ओरडले की शेजारच्या फिटरच्या वर्गातूनही दोघं हजर म्हणाले.

सरांच्या विद्यार्थीदशेचे ते महिने आठवले की मला अजून हसू येतं. ते जर्नल वेळेवर पुरं करत. माझ्या तासाला पहिल्या बाकावर बसून मुलाखतीला जाताना बूट कोणते घालावेत हे लिहून घेत. मी वर्गाला विचारलं, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता? सगळी पोरं नेहमीप्रमाणे माना खाली घालून बसली. सर उठले. "निवृत्त." मी मार्क दिले.

बातमी पसरलीच. एका स्थानिक मंडळाने 'चौपन्नाव्या वर्षी शिक्षणाची जिद्द' म्हणून सरांचा सत्कार ठरवला. शाल, श्रीफळ, आणि मोठं सन्मानचिन्ह, त्यावर सोनेरी अक्षरांत 'प्रेरणास्थान'. सन्मानचिन्ह धातूचं होतं. सरांनी त्याला आधी पालथा हात लावला. भाषण करा म्हटल्यावर ते माइककडे गेले, माइकची वायर सोललेली दिसली, आणि पुढचा सत्कार समारंभ अंधारात पार पडला.

पण त्या सगळ्या गमतीखाली एक गोष्ट मला बोचत होती. वर्ग वैशालीचा नव्हता. ती फळ्यावर लिही, आणि पोरं मान वळवून शेवटच्या बाकाकडे बघत. सर मान हलवत, मग पोरं वहीत उतरवत. तिने प्रश्न विचारला की उत्तर मागून येई. सरांचा हेतू चांगलाच होता. ते पोरांना सांभाळायलाच तिथे बसले होते. वैशाली मला एकदा चहा पिताना म्हणाली, "मॅडम, सर वर्गात आहेत म्हणून मला धीर येतो. आणि सर वर्गात आहेत म्हणूनच मला शिकवता येत नाही. कुणाला सांगू?" मी तिला आत्मविश्वासावरच्या माझ्या नोट्स दिल्या. तिने त्या सभ्यपणे घेतल्या.

जानेवारीत एका दुपारी मी तासाला निघाले होते. वर्कशॉपच्या दारापाशी, बाहेरच्या पॅसेजमध्ये, गायधनी सर ताठ उभे होते. खाकी गणवेश, हातात जर्नल. आतून वैशालीचा आवाज येत होता.

"सर, बाहेर का?"

"काढलं मला," ते म्हणाले.

मला आधी हसूच आलं. मग त्यांचा चेहरा पाहिला.

आत मोटरच्या पॅनेलचं काम चाललं होतं. जोडणी पुरी झाली होती, आता लाइन देऊन बघायची होती. एक मुलगा मेन स्विचपाशी उभा. शेवटच्या क्षणी एका मुलीला आतला स्क्रू ढिला दिसला आणि तिने स्क्रूड्रायव्हर घेऊन पॅनेलच्या मागून हात घातला. वैशालीने ते पाहिलं आणि "थांब" म्हणाली. शेवटच्या बाकावरून मुलगी दिसत नव्हती. सरांना नुसती पुरी झालेली जोडणी दिसली आणि सव्वीस वर्षांच्या सवयीने ते म्हणाले, "टाक."

"दोन आवाज गेले पोराच्या कानात," सर म्हणाले. "त्यानं माझा ऐकला. माझाच ऐकणार ना. हात उचलला त्यानं, मॅडम. वैशालीनं झडप घालून मनगट धरलं."

त्यांनी जर्नल छातीशी धरलं.

"मी म्हणलो 'टाक'. दुसरं कुणी नाय. मी."

मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

"मग तिनं माझ्याकडं बघितलं. म्हणाली, या पॅनेलवर बोलणारा माणूस एकच असंल. वीस नंबर, बाहेर व्हा." सरांनी डोळे पुसले आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. "सर नाय म्हणली, मॅडम! नंबर म्हणली. आवाज असा, की मी उठून दारापाशी आलो तेव्हा कळलं, मी उठलोय. मी एवढे दिवस भ्यायलो, मी गेल्यावर पोरांना कोण बघंल. ही बघतीय. ही कवाची बघतीय. मीच मधी बसलो होतो." मग साधेपणाने म्हणाले, "उद्या नाव काढतो माझं."

"चला सर, चहा घेऊ," मी म्हटलं.

"नाय, नाय. शिक्षा हाय. तास संपंपर्यंत उभं राहायचं असतं."

आतून वैशाली तीच जोडणी पहिल्यापासून समजावून सांगत होती, आणि पहिल्यांदाच मागच्या बाकाकडे कुणी वळून बघत असण्याची शक्यता नव्हती. सर दाराच्या फटीशी कान नेऊन ऐकत होते, आणि ती काही चुकतेय असं वाटलं तरी ओठ घट्ट मिटून घेत होते. मी माझ्या वर्गावर गेले. खिडकीतून मला तो पॅसेज दिसत होता. घंटेला अजून चाळीस मिनिटं होती, आणि तेवढा वेळ ते भिंतीला टेकलेसुद्धा नाहीत.